सिनाल्को: नावातलं ‘अल्को’ कुठून आलं?

प्रश्न असा आहे: ‘जर्मनीत लेकीकडे गेलो होतो. हॉटेलात नातवाने सिनाल्को मागवलं. बाटलीवरचं ‘अल्को’ वाचून सौ.ने ग्लास बाजूला सारला. यात दारू असते का? नसेल तर असं नाव का?’

सौ.ना सांगा, निर्धास्त प्या. ‘दारू नाही’ एवढंच ते नाव सांगतंय. ‘सिने आल्कोहोले’ या लॅटिन शब्दांचा तो आखडलेला अवतार. सिने म्हणजे विना. आपल्या बातम्यांत सभागृह ‘साइन डाय’ तहकूब होतं, त्यातलं ‘साइन’ हेच. फक्त इंग्रजी तोंडातून आल्यामुळे त्याचा चेहरा ओळखू येत नाही.

पेयाचं पहिलं नाव वेगळंच होतं: बिल्झ-ब्राउझे. फ्रीडरिश एडुआर्ड बिल्झ हे मूळचे विणकर, पुढे निसर्गोपचाराकडे वळले. ड्रेस्डेनजवळ राडेबॉइलला त्यांचं आरोग्यधाम होतं. दारूऐवजी लोकांनी काही बरं प्यावं, या खटपटीतून 1902 साली हे फळांच्या चवीचं पेय आलं. डेटमोल्डचे उद्योजक फ्रान्झ हार्टमान यांनी धंद्याची बाजू सांभाळली. ‘ब्राउझे’ म्हणजे फसफसणारं सरबत. न्हाणीघरातल्या शॉवरलाही जर्मन माणूस ब्राउझेच म्हणतो! नकला वाढल्या, तेव्हा स्पर्धा लावून नवं नाव निवडलं गेलं, 1905 साली. जुनं नाव मात्र पार पुसलं गेलं नाही. चिलीत ‘बिल्झ’ नावाचं लाल पेय आजही मिळतं.

आता खरी गंमत. ‘अल्कोहोल’ मुळात अरबी ‘अल-कुहल’, म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. सुरम्याची पूड अगदी बारीक, म्हणून युरोपात कुठल्याही बारीक चूर्णाला हा शब्द लागला, मग कशाच्याही सत्त्वाला, आणि 16व्या शतकापासून वाइनच्या अर्काला. म्हणजे ‘सिनाल्को’ची फोड केली तर ‘सिन’ लॅटिन, ‘अल’ हे अरबी उपपद जसंच्या तसं, आणि ‘को’ म्हणजे सुरम्याचा उरलेला तुकडा. व्युत्पत्तीच्या हट्टाने अर्थ लावायचा तर ‘बिनसुरम्याचं सरबत’!

सौ.ची शंका अगदीच बिनबुडाची नव्हती, कारण नकार दाखवणारा ‘सिने’ शब्दात अर्धा गिळला गेलाय आणि ज्याला नकार द्यायचा ते ‘अल्को’ ठसठशीत दिसतं. 1905 च्या जर्मनीत शाळेत लॅटिन शिकलेल्या गिऱ्हाइकाला ते कळत असेल, इतरांना ते नुसतं गोड वाजणारं नाव. माझ्या मते ते टिकलं तेही वाजण्यामुळेच, अर्थामुळे नव्हे.

इंग्रजीतलं ‘सॉफ्ट’ ड्रिंकसुद्धा ‘हार्ड’ म्हणजे दारू नव्हे, एवढंच सांगतं. मराठी ‘शीतपेय’ दारूचं नावच काढत नाही, थंडपणावर भागवतं. पण आपणही काही कमी नाही: ‘तो पितो का?’ असं विचारलं, तर उत्तर देणारा सरबताचा विचार करत नाही.

उच्चाराचं तेवढं राहिलं. जर्मनमध्ये शब्दारंभी स्वरापूर्वी येणारा ‘एस’ साधारण ‘झाड’मधल्या ‘झ’सारखा उच्चारतात, ‘झिम्मा’मधल्यासारखा नाही. पुढच्या वेळी वेटरला ‘सिनाल्को’ नाही कळलं, तर तसं म्हणून बघा.