आधी शब्द फोडायला शीक

अगं, नर्सिंगचे इंग्रजी वैद्यकीय शब्द जड जातात म्हणून डिक्शनरी घेऊन पहिल्या पानापासून पाठांतराला बसू नकोस. मीही मराठी माध्यमातून नर्सिंगला आले आणि माझं पहिलं वर्ष त्यातच गेलं. हे बरेचसे शब्द ग्रीक-लॅटिन तुकडे जोडून झालेत, आपल्या समासांसारखे. शेवटी 'आयटिस' म्हणजे दाह, 'एक्टमी' म्हणजे कापून काढणं, 'ऑस्टॉमी' म्हणजे बाहेर वाट करून देणं. 'नेफ्रो' म्हणजे मूत्रपिंड एवढं कळलं की नेफ्रायटिस, नेफ्रेक्टमी, नेफ्रॉस्टॉमी आपसूक उलगडतात.

जपायचं ते सारख्या उच्चारांना. एकदा रात्रपाळीच्या हँडओव्हरला सिस्टर 'हायपो' (साखर कमी) म्हणाली आणि मला 'हायपर' (साखर जास्त) ऐकू आलं. ग्लुकोमीटरवर ५२ दिसलं म्हणून निभावलं. तेव्हापासून मी 'शुगर लो, ५२' असं आकड्यासकट सांगते, ऐकलेलं परत म्हणून दाखवते. तूही तेच कर. लघुरूपांनाही जप: औषधाच्या चिठ्ठीवरचं 'ओडी' एरवी दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या वॉर्डात उजवा डोळा!

आणि पेशंटची भाषा सोडू नकोस. परळला उपचारांसाठी आलेल्या कोकणातल्या आजी 'जीव घाबरा होतोय' म्हणाल्या, की लगेच 'अँग्झायटी' लिहायचं नाही. धडधडतंय का, दम लागतोय का, घाम आलाय का, विचार. मग पॅल्पिटेशन की ब्रेथलेसनेस ते ठरेल. असे शब्द वहीत डावीकडे लिही, उजवीकडे इंग्रजी. लोकलमध्ये बसायला मिळालं की उजवी बाजू झाकून रोज पाच म्हण, मोठ्याने.