रोजची सायकलफेरी आणि व्यायामाचा मेळ
रोज सायकलने कामावर जाता, शिवाय वेगळा व्यायामही करता आणि पाय सतत जड वाटतात, अशी तुमची तक्रार आहे. कामावर सायकलने जाण्या-येण्याचे श्रम तुम्ही व्यायामाच्या हिशेबात धरलेले नाहीत आणि या जडपणाचे मूळ बहुधा तिथेच आहे, कारण स्नायूंना प्रवास आणि सराव यांतला फरक कळत नाही. म्हणून रोजची फेरी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतक्याच वेगाने करावी, चढावर हलका गिअर टाकून पॅडल मिनिटाला ८० ते ९० वेळा फिरेल असे पाहावे आणि पुढे जाणाऱ्या प्रत्येक सायकलस्वाराला गाठण्याचा मोह (तो होतोच) आवरावा. जोराचा सराव आठवड्यातून दोनदा, परतीच्या वेळी लांबचा रस्ता धरून करता येतो. स्क्वॉट्ससारख्या जड व्यायामानंतरचे दुखणे २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवते; तेव्हा दुसऱ्या दिवशी सायकल अगदी सावकाश चालवावी किंवा सरळ बस पकडावी, त्यात कमीपणा काहीच नाही. सकाळी उठल्याउठल्या नाडी मोजण्याची सवय लावावी आणि ती सलग काही दिवस नेहमीपेक्षा वाढलेली दिसली, शिवाय झोपही नीट लागत नसेल, तर आधी सराव कमी करावा. वजन उतरवण्याच्या नादात संध्याकाळच्या फेरीआधीचे खाणे मात्र टाळू नये.