पन्नाशीनंतर स्कूबा डायव्हिंग

प्रश्न : माझे वय ५२ असून रक्तदाबाची गोळी चालू आहे. पोहता येत नाही. मालवणला स्कूबा डायव्हिंग करून गोव्याहून विमानाने परतण्याचा विचार आहे. करावे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : केवळ वयामुळे थांबू नये, मात्र पाण्यात हृदयावरचा ताण वाढत असल्याने आधी डॉक्टरांची संमती घ्यावी आणि आरोग्याच्या अर्जात काहीही लपवू नये. प्रशिक्षक सोबत असल्याने पहिल्या अनुभवासाठी पोहता येण्याची अट मालवणात सहसा नसते. खरी कसोटी कानांची. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो, म्हणून उतरताना, कान दुखू लागण्यापूर्वीच, नाक चिमटीत धरून वारंवार हलकेच हवा कानांकडे ढकलावी. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नये, मग पैसे बुडाले तरी चालतील. श्वास कधीही रोखून धरू नये, कारण वर येताना प्रसरण पावणाऱ्या हवेने फुफ्फुसांना गंभीर इजा होऊ शकते. एकाच डुबकीनंतरही निदान १२ तास विमानप्रवास टाळावा. पावसाळा सोडून जावे आणि घाई करणाऱ्या प्रशिक्षकाला स्पष्ट नकार द्यावा.