एकसारखी कवचं, वेगवेगळे जीव

प्रश्न: स. न. वि. वि. माझी नात सांगत होती की, समुद्रात तरंगणाऱ्या काही सूक्ष्म कवचधारी जीवांची जी एकच प्रजाती समजली जायची, त्या प्रत्यक्षात दोन-तीन प्रजाती निघाल्या. कवच एकसारखंच असेल तर त्या वेगळ्या ठरवल्या कोणी आणि कशावरून? ही शास्त्रज्ञांची नसता कीस काढायची हौस तर नव्हे? आणि समुद्रात ना डोंगर ना कुंपण, मग तिथे प्रजाती वेगळ्या होतातच कशा?
– एक आजोबा, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: कीस काढण्याचं म्हणाल तर आजोबा, माझी सगळी नोकरी त्यातच गेली. तेल शोधणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी होते. विहिरीतून वर आलेला चुरा बारीक चाळणीवर धुवायचा, वाळवायचा, काळ्या ट्रेमध्ये चिमूटभर पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कवच टिपून स्लाइडच्या चौकोनात ठेवायचं. ब्रश तीन शून्य नंबरचा. कोरडा राहिला तर कवच चिकटत नाही, फार ओला झाला तर थेंबात बुडून जातं, आणि जोर दिला की फुटलंच. हे काम करणारा माणूस कवचाकडे वरवर पाहत नाही, एवढं आधी मान्य करा.

हे जीव म्हणजे फोरॅमिनिफेरा, आम्ही नुसतं फोरॅम म्हणायचो. शरीर एका पेशीचं, भोवती चुन्याचं कवच. बहुतेक तळाशी राहतात. पाण्यात तरंगणाऱ्या, कवचाच्या रूपावरून ओळखता येणाऱ्या प्रजाती आज सुमारे ५०. अख्ख्या महासागरात फक्त ५०! ही संख्या आम्हालाही खटकायची, पण दुसरा पुरावा हाती नव्हता, कारण जीवाश्मात जीव नसतो, कवच तेवढं उरतं.

१९९० च्या दशकात जिवंत फोरॅम जाळ्यात पकडून त्यांचा डीएनए वाचायला सुरुवात झाली. प्रयोगशाळेत त्यांची पैदास करणं जिकिरीचं, म्हणून जहाजावरच एकेक वेचायचा, ब्रशने स्वच्छ करायचा आणि त्या एकाच पेशीतून डीएनए काढायचा. ऑर्ब्युलिना युनिव्हर्सा हा त्यातला देखणा जीव. आधी छोटं शंखासारखं वळण घालतो आणि शेवटी त्या सगळ्याला पोटात घेणारा एक गोल कप्पा बांधतो. पूर्ण वाढला की पिनेच्या डोक्याहून लहान, गुळगुळीत मोती. तो सगळीकडे एकच मानला जायचा, आणि डीएनएत निघाले तीन वेगळे गट.

मला यात सर्वांत आवडलेली गोष्ट पुढची आहे. सुरुवातीच्या पद्धतींत डीएनए काढताना कवच हातचं जायचं. नंतर अशी द्रावणं आली की डीएनए निघतो आणि कवच शाबूत राहतं. मग ज्याचा डीएनए वाचला त्याच जीवाचं कवच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता आलं, आणि गटागटांत भिंतीवरच्या छिद्रांचा आकार आणि दाटी वेगळी दिसली. ग्लोबिजेरिनेला सायफोनिफेरा या दुसऱ्या फोरॅमचंही तसंच झालं. फरक कवचावर होताच, तो किती महत्त्वाचा हे सांगणारं कुणी नव्हतं. तेव्हा डीएनए आला म्हणून आमचा ब्रश अडगळीत गेला असं कुणी म्हणालं, तर मी ऐकून घेणार नाही.

आता ‘नसता कीस’ की कामाचा, ते पाहा. निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा हा थंड पाण्यातला फोरॅम. काहींची कवचं डावीकडे वळतात, काहींची उजवीकडे. थंडी वाढली की डावी वाढतात, हे १९५९ पासून हवामानाचं माप म्हणून वापरात आहे. समजूत अशी की प्रजाती एकच, पाणी गारठलं की वळण बदलते. डीएनएने दाखवलं की डावे आणि उजवे बहुतांशी दोन स्वतंत्र प्रजातींचे आहेत, आणि २००६ मध्ये उजव्यांना इन्कॉम्प्टा हे वेगळं नाव देण्याचा आग्रह धरला गेला. दोन्हींकडे शेकडा दोन-तीन चुकार उलटे सापडतातच, त्यांनीच इतकी वर्षं गोंधळ टिकवला. जुने आलेख आजही चालतात, पण ते आता गार पाण्याच्या प्रजातीने कोमट पाण्यातलीला हटवल्याची नोंद म्हणून वाचायचे. कवचातल्या मॅग्नेशियमवरून हजारो वर्षांपूर्वीच्या पाण्याचं तापमान काढतात, तिथेही दोन प्रजातींची कवचं एकाच नळीत विरघळवली तर उत्तर दोघींपैकी कुणाचंच नसतं.

कुंपणाचं विचारलंत. समुद्रात कुंपणं आहेत, फक्त ती पाण्याचीच आहेत. दोन्ही ध्रुवांकडच्या गार पाण्यात राहणाऱ्यांना विषुववृत्ताचं उबदार पाणी आडवं येतं. पण ते सगळ्यांना सारखं अडवत नाही. ध्रुवांच्या जरा अलीकडे राहणाऱ्या ग्लोबिजेरिना बुलॉइडिससारख्या काही प्रजातींत उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे हुबेहूब तोच डीएनए सापडला, म्हणजे त्यांची ये-जा अलीकडेपर्यंत होती. पॅकिडर्मा पक्का बर्फाळ पाण्यातला. त्याचे आर्क्टिक आणि अंटार्क्टिक गट फुटलेले आहेत. पंखांनी पोहणारी सागरी गोगलगाय, लिमासिना हेलिसिना, दोन्ही ध्रुवांवर एकाच नावाने ओळखली जायची. २०१० मध्ये एका जनुकाची तुलना झाली तेव्हा फरक ३३ टक्के निघाला! तिचं कवच अ‍ॅरागोनाइटचं, म्हणजे चुन्याच्याच एका प्रकाराचं, समुद्र आम्लधर्मी होत गेला की लवकर झिजणारं. म्हणून आर्क्टिकमधल्या गोगलगायीवर केलेला प्रयोग अंटार्क्टिकला सरसकट लावू नये, असं माझं मत.

दुसरं कुंपण खोलीचं. हॅस्टिजेरिना पेलॅजिकाचे डीएनएवरून वेगळे झालेले गट एकाच जागी, पण एक वरच्या शंभरेक मीटरमध्ये आणि बाकीचे त्याखाली राहतात. तुमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडांची महिनोन्महिने गाठ पडू नये, तसं. हा जीव पौर्णिमेनंतरच्या थोड्या दिवसांत आपल्या प्रजनन पेशी पाण्यात सोडतो, आणि रिकामं कवच तळाकडे जातं. एवढ्या अफाट पाण्यात त्या पेशी एकमेकींना भेटायच्या तर वेळ आणि खोली दोन्ही जुळायला हवीत. एक जरी चुकली, तरी संकर थांबतो. मला विचाराल तर डोंगर-नद्यांपेक्षा हे कुंपण जास्त पक्कं.

प्रश्न: हे जीव बडोद्यात बसून पाहता येतील का? नातीला दाखवायचे आहेत.
– तेच आजोबा

उत्तर: तरंगणारे नाही, त्यांच्यासाठी जहाज आणि जाळं लागतं. पण पोरबंदरी दगड ओळखीचा असेल, तर त्याचा तुटका कोपरा दहापट भिंगाखाली धरा. सौराष्ट्राच्या त्या चुनखडीत दिसणाऱ्या गोल-लांबट दाण्यांत तळाशी राहणाऱ्या फोरॅमची झिजलेली कवचं पुष्कळ असतात. दगड आधी ओला करा, कडा ठळक दिसतात. सकाळचं तिरकं ऊन असेल तर उत्तम.