रोमानियन की ग्रीक? आधी नकाशा बघा

दोन्ही एकदम सुरू करू नका. ही चूक मीही केली होती, दोन महिने फुकट गेले. भाषा निवडण्याआधी ती कुठे बोलतात ते बघा.

रोमानियन रोमानियाबाहेर मोल्दोव्हातही राजभाषा आहे. तिथे पूर्वी तिला 'मोल्दोव्हन' म्हणत. २०२३ च्या कायद्याने अधिकृत नाव रोमानियन झालं. त्यामुळे दोन वेगळी पुस्तकं घेऊ नका! सर्बियातल्या वोइवोदिना प्रांतात ती अधिकृत भाषांपैकी एक आहे. इटली-स्पेनमध्ये स्थलांतरितांमुळे बोलायला माणसं सहज मिळतील. शेजार स्लाव्ह भाषांचा असला तरी ही लॅटिनची लेक.

ग्रीक ग्रीस आणि सायप्रसची. मेलबर्नमध्येही मोठी वस्ती आहे. सायप्रसची बोली मात्र कानाला वेगळी लागते, म्हणून आधी अथेन्सची प्रमाण भाषा पक्की करा. दक्षिण इटलीतली 'ग्रिको' ही ग्रीक बोली वगैरे सध्या बाजूलाच ठेवा.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- प्राचीन ग्रीकचं पुस्तक आणणं. त्यावर अथेन्समध्ये कॉफी मागता येणार नाही.
- ग्रीक रोमन लिपीत लिहून शिकणं. अक्षरं फक्त २४ आहेत. आपण तर बाराखडी पाठ केलेली माणसं!