मागचा लॉकर आधी. पुढच्यासाठी एक पावसाळा थांबा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जुनी फोर बाय फोर पिकअप, मागं अखंड एक्सल, पुढं स्वतंत्र सस्पेन्शन, कंपनीकडून लॉकर, म्हणजे एका एक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधून फिरवणारी जोडणी, कुठंच नाही. घर बेळगावात, शेत जांबोटीच्या पुढं, आणि जून ते सप्टेंबर पाणंदीत गाडी हमखास अडकते. म्हणून पुढं-मागं दोन्ही लॉकर एकदमच बसवून टाकू का, आणि बसवले तर हवेचे, विजेचे की आपोआप लागणारे, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर असं: मागचा एकच बसवा, तो स्विचवर लागणारा आणि सुटणारा घ्या, आणि पुढच्याचे पैसे एक पूर्ण पावसाळा बाजूला ठेवा.

ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला लॉकर काय असतो ते सांगावं लागत नाही. भरलेली ट्रॉली फडातून काढताना एक चाक सरीत नुसतं घुमायला लागलं की तो टाचेनं पेडल दाबतो, दोन्ही मोठी चाकं एकजुटीनं फिरतात, ट्रॉली हलते, आणि बांधाला वळायच्या आधी तो पाय उचलतो. कधी दाबायचं आणि कधी सोडायचं, दोन्ही त्याला ठाऊक असतं. पिकअपमध्ये हेच करायचं आहे.

साधं डिफरन्शियल, म्हणजे एक्सलच्या मधला चाकांना ताकद वाटून देणारा गिअर, दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतं. डावं चाक शेवाळलेल्या जांभ्यावर आहे आणि 100 न्यूटन-मीटरलाच घसरतंय असं धरा. उजवं कोरड्या खडकावर आहे, ते 1000 सहज पेलेल. पण त्यालाही मिळणार 100 च. एकूण 200, आणि तेवढ्यानं गाडी हलत नाही. लॉक केलं की 1100 मिळतात. फोर बाय फोर लावूनही गाडी का अडकते, याचं उत्तरही यातच आहे: पाणंदीच्या खोल चाकोरीतून गाडी तिरकी बाहेर काढताना पुढचं एक आणि मागचं त्याच्या समोरच्या कोपऱ्यातलं एक अशी दोन चाकं हलकी होतात, तीच फिरत बसतात, आणि जमिनीला धरून असलेली दोन उभी राहतात.

आता मागचाच का? चढावर वजन मागं जातं, पुढची चाकं हलकी होतात. जिथं वजन तिथं पकड, म्हणून चढावरचं बरंचसं काम मागचा एक्सल करतो. फक्त पिकअपची एक खोड लक्षात ठेवा: हौदा रिकामा असला की सपाटीवर मागचा एक्सल फार हलका असतो, इंजिनाचं सगळं ओझं पुढं. पावसाळ्यात वाळूची चार-पाच पोती एक्सलच्या बरोबर वर, घट्ट बांधून ठेवा. लॉकरचा गुण तेव्हाच दिसतो.

पुढचा लॉकर वेगळं प्रकरण आहे. तो लावला की दोन्ही पुढची चाकं एकाच वेगानं फिरतात, आणि वळताना तर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. स्टिअरिंग जड होतं, गाडी नाकासमोर ढकलत जाते. शिवाय तुमच्या गाडीला पुढं सीव्ही जॉइंट आहेत, म्हणजे चाक वळलं तरी त्याला ताकद पोचवणारे शाफ्टचे सांधे. चाक खाली लोंबकळतंय, स्टिअरिंग पूर्ण वळवलंय, आणि त्यातच सगळा टॉर्क एका शाफ्टवर आला की जॉइंट जातो. चिखलात सहसा जात नाही, कारण तिथं टायर आधी घसरतो. चाक दोन दगडांत चिमटलं आणि टायरला घसरायला वाव राहिला नाही की जातो. म्हणून स्वतःला विचारा, तुमच्या वाटेत चिखल जास्त आहे की दगड? ओढ्याच्या काठाची गुडघाभर पायरी रोज चढायची असेल, किंवा दगडी नाल्यातून उलटं वर यायचं असेल, तर पुढचा लॉकर सोन्यासारखा आहे. रिव्हर्समध्ये चढताना पुढचा एक्सल खालच्या अंगाला असतो आणि वजन त्याच्यावर येतं. तुम्ही जी पाणंद सांगताय तिला तो लागणार नाही, असा माझा अंदाज आहे.

एका गोष्टीवर जास्त लिहितोय, कारण लॉकर विकणारा ती सहसा सांगत नाही. एका आषाढात चंदगड तालुक्यात एका मित्राच्या काजूच्या बागेत गेलो होतो. तांबडी माती, वर बोटभर चिकट थर, वाट उजवीकडं कललेली. चढ दिसला म्हणून मी खालूनच मागचा लॉकर लावून निघालो. अर्ध्यात मागची दोन्ही चाकं एकदम सुटली आणि शेपूट शांतपणे, अगदी हळू, उजवीकडं उतरायला लागलं. ब्रेक दाबून काही फरक पडत नव्हता. एका काजूच्या बुंध्याला मागचा बंपर टेकला तेव्हा गाडी थांबली. कारण नंतर नीट कळलं. डिफरन्शियल उघडं असतं तर एकच चाक घुमलं असतं; दुसरं न घुमता जमिनीला धरून राहिलं असतं आणि त्यानं शेपूट आडवं जाऊ दिलं नसतं. लॉक असताना दोन्ही एकदम घुमतात आणि आडवं धरून ठेवायला कुणीच उरत नाही. त्यात पुढचाही लॉकर लावला असता तर तोंडही खाली गेलं असतं. मी लॉकर काढला, चाकं उताराच्या दिशेनं सरळ केली आणि लो गिअरमध्ये, ब्रेकला हात न लावता खाली आलो. तेव्हापासून कललेल्या ओल्या वाटेवर लॉकर बंद, सरळ चढावर चालू. सोडता येणारा लॉकर घ्या असं म्हणतो ते यासाठीच.

आपोआप लागणारे लॉकर स्वस्त पडतात, बसवायलाही सोपे. माझ्या आधीच्या जीपमध्ये मागं तसाच एक होता, जुन्या मालकानं बसवलेला. कोरड्यात तक्रार नव्हती. पण चोर्ला घाटात पावसात वळणाच्या मध्यावर पाय उचलला की आतून ठप्प आवाज यायचा आणि शेपूट हिसका द्यायचं. बायको-मुलं गाडीत असताना तो हिसका मला नको. तुम्ही त्याच रस्त्यानं गोव्याला जात असणार, तर तुम्हालाही नको. पुढच्या एक्सलला हाताने सोडता येणारे हब (चाक शाफ्टला जोडणारा भाग) असलेल्या जुन्या जीपमध्ये मात्र पुढं आपोआप लॉकर चालून जातो, कारण हब सोडले की रस्त्यावर तो जाणवतच नाही. क्लच प्लेटांचं लिमिटेड स्लिप, म्हणजे चाकाचं घुमणं थोडंफार रोखणारं डिफरन्शियल, आपल्या चिखलाला पुरत नाही. एक चाक हवेत गेलं की त्याची मदत थोडीच उरते.

हवेचा की विजेचा? दोन्ही चांगले. विजेच्यात भाग कमी, एक वायर आणि एक स्विच. पण ती वायर एक्सलजवळून जाते आणि तोडणी झालेल्या फडातले उसाचे बुडखे ती ओढून तोडतात. नीट पाईपात घालून एक्सलच्या वरच्या अंगानं बांधून घ्या. हवेच्याला कॉम्प्रेसर, पाईप, सील असा पसारा आहे. सायलेन्सरजवळून नेलेला पाईप वितळतो, शेतघरात उभ्या गाडीचा उंदीर कुरतडतात. गळती ओळखणं सोपं: लॉकर लावून इंजिन बंद ठेवा आणि कान द्या, कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर हवा कुठंतरी जातेय. तरीही मी हवेचाच घेतला, कारण त्याच कॉम्प्रेसरनं टायर भरता येतात. चिखलात रिकाम्या गाडीच्या टायरची हवा 18 ते 20 पीएसआयवर आणा आणि डांबरी लागायच्या आधी परत भरा. हे तुम्ही अजून करून पाहिलं नसेल तर लॉकरच्या आधी करा. निम्मी अडचण तिथंच सुटलेली मी पाहिली आहे.

काळ्या रानाचं गणित निराळं आहे. बैलहोंगल, सौंदत्तीकडं पाहुण्यांकडं जात असाल तर तिथं लॉकरवर भिस्त ठेवू नका. काळी माती टायरच्या खाचा भरून टाकते, चारही चाकं गुळगुळीत होतात, आणि लॉक केलं की दोन्ही चाकं सारखीच खाली जातात. एक्सल मातीला टेकायच्या आत थांबा. दोन दिवस ऊन पडू द्या, नाहीतर ट्रॅक्टर बोलवा.

बसवण्याचं काम लॉकरइतकंच महत्त्वाचं आहे. एका गॅरेजनं माझं क्राऊन-पिनियन (डिफरन्शियल फिरवणारी दातेरी चाकांची जोडी) हाताच्या अंदाजानं जुळवलं. दोन महिन्यांत ताशी 60 ला घरघर सुरू झाली, उघडून पाहिलं तर क्राऊनचे दात एका कडेला खाल्लेले. मिस्त्रीकडं डायल गेज (बारीक अंतर मोजायचं साधन) आहे का, दातांना रंग लावून ठसा बघतो का, शिम (पातळ चकत्या) बदलून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजतो का, हे आधी विचारा. नाही म्हणाला तर गाडी दुसरीकडं न्या, कोल्हापूरपर्यंत जावं लागलं तरी. एक्सल उघडलेलाच आहे तर ब्रीदरचा, म्हणजे एक्सलमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारा पाईपही उंच घेऊन जा. गरम एक्सल थंड ओढ्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. पावसाळ्यात महिन्याला एकदा ऑइलचा नट सैल करून दोन थेंब बघा; दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला.

फेरबदलाआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडं लेखी विचारा, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 याच विषयाचं आहे. आणि लॉकर बसला म्हणून भीमगड अभयारण्याच्या अंगाला असलेल्या जंगलवाटांत शिरू नका. स्वतःच्या पाणंदीत मात्र लॉकरनं वाट कमी खणली जाते, हे शेजाऱ्यांनाही सांगा. चाक घुमत राहिलं की खड्डा पडतो, आणि त्याच वाटेनं त्यांच्या बैलगाड्या जातात.

ऑर्डर देण्याआधी दोन आकडे लागतील: एक्सल शाफ्टच्या स्प्लाइनची (टोकावरच्या खाचांची) संख्या आणि क्राऊन-पिनियनचं प्रमाण. काही एक्सलला प्रमाणानुसार लॉकरचं वेगळं मॉडेल येतं. प्रमाण घरी मोजता येतं. बाकी तिन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा, गाडी न्यूट्रलमध्ये आणि टू व्हीलवर ठेवा, मागचं एकच चाक जॅकवर घ्या, हँडब्रेक सोडा. चाकावर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूनं खूण करा. चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे किती झाले ते मोजा. चारच्या थोडे वर आले तर किती वर, तेही लिहून पाठवा, म्हणजे कोणता लॉकर बसेल ते सांगतो.