आपले प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं : हृदय ते फुप्फुस आणि परत

प्रश्न : मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात फुप्फुस धमनी निळी आणि फुप्फुस शिरा लाल छापली आहे. धमनीत तर शुद्ध रक्त असतं ना? चित्र चुकलंय का? (एक पालक, मिरज)

उत्तर : चित्र बरोबर आहे, पाठांतर चुकलंय. हृदयातून रक्त बाहेर नेते ती धमनी, हृदयाकडे परत आणते ती शिरा. आत कसलं रक्त आहे, याच्याशी नावाचा संबंध नाही. शरीरभर फिरून आलेलं रक्त महाशिरांतून उजव्या कर्णिकेत, म्हणजे वरच्या कप्प्यात येतं, तिथून खालच्या जवनिकेत. जवनिका आकुंचन पावली की ते फुप्फुस धमनीत ढकललं जातं. वायुकोशांभोवतीच्या (फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांभोवतीच्या) केशवाहिन्यांत, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांत, कार्बन डायऑक्साइड सुटतो, ऑक्सिजन चढतो आणि बहुधा चार फुप्फुस शिरांतून रक्त डाव्या कर्णिकेत पोचतं. केशवाहिनीतला हा मुक्काम पाऊण सेकंदाचा. निरोगी माणसात काम त्याच्या एक तृतीयांश वेळातच उरकतं. निळा रंग फक्त छापण्याच्या सोयीचा, रक्त असतं गडद लाल. ‘अशुद्ध’ हा शब्दही अन्यायाचाच, कारण विश्रांतीत त्यातलं सुमारे 75 टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरूनच असतं.

प्रश्न : दंडावर दाब 120/80 येतो. फुप्फुसातही तेवढाच असतो का?

उत्तर : नाही, साधारण 25/10. रक्त मात्र दोन्हीकडे सारखंच, मिनिटाला सुमारे 5 लिटर. फुप्फुसातल्या वाहिन्या पातळ भिंतींच्या आणि सैल, वाटही जवळची. म्हणून थोड्या जोरावर भागतं. उजव्या जवनिकेची भिंत 3-4 मिलिमीटर, डावीची त्याच्या दुप्पट-तिप्पट असते ती यामुळेच. दाब कमी असावाच लागतो. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा जेमतेम अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा आहे. केशवाहिन्यांतला दाब एरवी 10च्या आत. तो एकाएकी 25च्या वर गेला की पाणी झिरपून वायुकोशांत साचू लागतं. दोष बहुधा पुढे असतो : डावी जवनिका कमजोर झालेली, नाहीतर लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने मायट्रल झडप (डावी कर्णिका आणि डावी जवनिका यांच्यामधली) आक्रसलेली. पुढे वाट नाही म्हणून रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. ‘आडवं झालं की धाप लागते, दोन-तीन उशा घ्याव्या लागतात’ ही तक्रार दमा समजून अंगावर काढू नका.

प्रश्न : पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन का अडकते, मेंदूत का नाही?

उत्तर : पायाकडून हृदयाकडे येताना शिरा रुंद होत जातात. उजव्या कप्प्यांतूनही गुठळी सहज निसटते. पहिली अरुंद वाट लागते ती फुप्फुस धमनीच्या फाट्यांत. मेंदूकडे जायचं तर तिला हृदयाच्या डाव्या बाजूला यावं लागेल. तशी चोरवाट काहींना असते, कर्णिकांमधलं गर्भावस्थेतलं छिद्र. सुमारे चारांतल्या एका प्रौढात ते पूर्ण बुजलेलं नसतं. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर पोटरी चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्यात एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखू लागलं तर थेट 108.